टॅब निवडताना आधी काम, मग प्रवास, शेवटी सिनेमा

मनोरंजन जवळपास कुठल्याही टॅबवर होतं. प्रवासात नीट साथ देणारे टॅब त्याहून कमी, आणि ज्यावर बसून रोजचं काम उरकता येईल असे तर मोजकेच. टॅब घेताना हा क्रम लक्षात ठेवला तर निम्मे पर्याय आपोआप गळतात. दुकानात मात्र याच्या उलट घडतं. टॅब हातात येतो तेव्हा त्यावर आधीच एखादा झगझगीत व्हिडिओ सुरू असतो, गर्द जंगलं आणि रंगीत पक्षी दिसतात आणि निर्णय तिथेच होऊन जातो. तोच व्हिडिओ पंधरा हजारांच्या टॅबवरही छान दिसतो आणि लाखाच्या टॅबवरही. खरी अडचण दोन-चार महिन्यांनी समोर येते. बँकेचं पत्र वाचायला डोळे ताणावे लागतात, मराठी टाइप करताना जोडाक्षर मोडतं, गाडीत बसलं की चार्जिंग पुरत नाही.

म्हणून सुरुवात कामापासून करू.

पहिला प्रश्न असा, की तुमच्या कामात विंडोजशिवाय न चालणारं काही आहे का? हिशेब टॅलीवर असतील तर टॅली प्राइम हा विंडोजचा प्रोग्राम आहे. ई-निविदा भरायला डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागत असेल, तर त्याचं सॉफ्टवेअर संगणकासाठी लिहिलेलं असतं. टोकन अँड्रॉइड टॅबच्या भोकात बसला म्हणून सही उमटेलच असं नाही. मराठी छपाईच्या व्यवसायात श्री-लिपीसारख्या प्रणालीत केलेल्या वर्षानुवर्षांच्या फाइली पडून आहेत, त्या दुरुस्त करायला विंडोजच हवं. अशा माणसाने आयपॅड किंवा अँड्रॉइडच्या वाटेला जाऊच नये. त्याने विंडोजचा टॅब घ्यावा, किंवा सरळ एक हलका लॅपटॉप घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. विंडोज टॅबमध्येही एक गोष्ट तपासावी लागते. मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या सरफेस प्रोमध्ये स्नॅपड्रॅगनची चिप दिली. ही मोबाइलच्या घराण्यातली, एआरएम रचनेची चिप आहे. ती थंड राहते, बॅटरी वाचवते आणि नेहमीचे बहुतेक प्रोग्राम चालवून घेते. पण जुन्या प्रिंटरचा किंवा टोकनचा ड्रायव्हर या रचनेसाठी वेगळा लिहिलेला नसेल, तर ते यंत्र तिच्यावर चालत नाही. आपला प्रिंटर आणि टोकन यांची नावं चिठ्ठीवर लिहून दुकानात न्यावीत आणि विक्रेत्याकडून होय की नाही ते पक्कं करून घ्यावं.

बाकीच्यांचं काम वेगळं असतं. शिक्षक, वकील, डॉक्टर, विमा प्रतिनिधी, साइटवर नकाशे पाहणारा अभियंता, बातमीदार यांच्या दिवसाचा मोठा भाग वाचण्यात, खुणा करण्यात, थोडं लिहिण्यात आणि लोकांशी बोलण्यात जातो. या कामाला टॅबसारखं साधन नाही. आणि या कामात प्रोसेसरपेक्षा, रॅमपेक्षा, मेगापिक्सेलपेक्षा जास्त महत्त्व आहे ते पडद्याच्या आकाराला. किती इंची, एवढ्यावर आकार कळत नाही. लांबी-रुंदीचं प्रमाण काय, हे विचारावं लागतं.

इंचांचा आकडा हा पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरक्या रेषेचा असतो. ती रेषा तेवढीच ठेवून पडदा लांबोडका करता येतो किंवा चौकोनाकडे झुकवता येतो. स्टीव्ह जॉब्झ यांनी २७ जानेवारी २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्कोत पहिला आयपॅड दाखवला तेव्हा त्याचा पडदा ९.७ इंची होता आणि प्रमाण ४:३ होतं. म्हणजे तो उभा धरला की रुंदी सुमारे १४८ मिलिमीटर. आज बाजारात ११ इंची अँड्रॉइड टॅब सर्रास मिळतात, त्यांतल्या बहुतेकांचं प्रमाण १६:१० असतं. त्यांतला एखादा उभा धरून मोजा. रुंदी तेवढीच, १४८ मिलिमीटर. वाढलेले सव्वा इंच सगळे उंचीत गेलेले असतात.

हे वाचणाऱ्याला का महत्त्वाचं? आपली कागदपत्रं ए-४ आकाराची असतात, २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ उंच. सातबारा, करारनामा, परिपत्रक, प्रश्नपत्रिका, प्रबंध, सगळं त्यातच. १४८ मिलिमीटर रुंदीच्या पडद्यावर ए-४ पान पूर्ण बसवलं की ते सत्तर टक्क्यांवर येतं. बारा पॉइंटचं अक्षर साडेआठाच्या आत जातं, आणि करारातल्या बारीक अटी मुळात आठ पॉइंटमध्ये असतील तर त्या साडेपाचाला येऊन टेकतात. खाली अठ्ठावीस-एक मिलिमीटरची पट्टी मोकळीच राहते. टॅब आडवा केला तर अक्षर मूळ कागदापेक्षाही मोठं दिसतं, पण एका वेळी निम्म्याहून कमी पान. तक्ता असेल तर वरचे रकाने दिसेनासे होतात आणि खालचे आकडे कशाचे ते कळत नाही. साधारण ११ इंचांचा, ४:३ च्या जवळ जाणारा आयपॅड घेतला तर रुंदी १५८ मिलिमीटरच्या आसपास मिळते, पान पंचाहत्तर टक्क्यांवर येतं आणि वर-खाली जागा जवळपास वाया जात नाही. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पन्नाशीनंतर चष्म्याचा नंबर बदलत असताना रोज दोन तास पीडीएफ वाचणाऱ्याला ते जाणवतात. १३ इंची आयपॅडवर तेच पान नव्वद टक्क्यांच्या जवळ पोचतं, म्हणजे जवळजवळ कागदच. आणि हातात मावणाऱ्या ८.३ इंची आयपॅड मिनीवर ते पंचावन्न टक्क्यांवर येतं. मिनी कादंबरीला उत्तम आहे, कारण ई-पुस्तकात अक्षर आपल्या सोयीने मोठं करता येतं आणि ओळी नव्याने जुळतात. पीडीएफमध्ये तसं होत नाही. तिथे पान हे चित्रासारखं पक्कं असतं.

मराठीत हा फरक जास्त बोचतो. आपलं पुष्कळ वाचन अजून पीडीएफमध्येच आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर मोफत उतरवून घेता येतात ती पीडीएफच, सरकारी निर्णय पीडीएफच, जुन्या मासिकांच्या स्कॅन केलेल्या प्रती तर पीडीएफशिवाय दुसऱ्या कशातच नाहीत. शिवाय देवनागरी अक्षराला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि पाय मोडलेलं जोडाक्षर असा तीन मजली पसारा लागतो. इंग्रजी अक्षर ज्या आकाराला वाचता येतं त्या आकाराला ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतला फरक पुसट होतो. म्हणून दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर किंवा ईमेलमध्ये नववीच्या भूगोलाचं पुस्तक आणि घरचा एक सातबारा ठेवावा. हे दोन्ही त्या टॅबवर उघडून, बोटांनी मोठं न करता, नेहमीच्या अंतरावरून वाचावा. पक्ष्यांच्या व्हिडिओपेक्षा ही परीक्षा खरी.

झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत ॲलन के या संगणकतज्ज्ञाने १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली होती. वहीएवढं, सोबत नेता येईल असं, आणि मुलांना वाचता-लिहिता-करून पाहता येईल असं यंत्र त्याला हवं होतं. त्या वेळी ते बनवण्याची सोयच नव्हती. पण वहीएवढं म्हणजे केवढं, हा प्रश्न त्याने प्रोसेसरच्या आधी सोडवला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता पेन. बोटाने खुणा करता येतात, पण उत्तरपत्रिका तपासायच्या असतील, मसुद्यात दुरुस्त्या करायच्या असतील, फळ्यासारखं समजावून सांगायचं असेल तर पेन हवंच. पाचशे रुपयांना मिळणारं रबरी टोकाचं पेन म्हणजे टॅबच्या दृष्टीने जाडं बोटच असतं. खरं पेन दोन तऱ्हेचं. सॅमसंगचं एस पेन वॅकॉम कंपनीच्या तंत्रावर चालतं. पडद्याच्या मागे एक जाळी असते, ती विद्युतचुंबकीय क्षेत्र तयार करते, पेनातल्या वेटोळ्याला त्यातूनच शक्ती मिळते आणि ते उत्तर पाठवतं. म्हणून लिहिण्यासाठी त्या पेनाला बॅटरी लागत नाही, ते कधी संपत नाही. ॲपलची पेन्सिल स्वतःच्या बॅटरीवर चालते आणि तिला अधूनमधून चार्ज करावं लागतं. एस पेन त्या टॅबच्या खोक्यातच येतं, ॲपलची पेन्सिल वेगळी विकत घ्यावी लागते. किंमत ठरवताना हे धरावं. ॲपलच्याच यूएसबी-सी पेन्सिलीला दाब कळत नाही, म्हणजे हात हलका-जड केला तरी रेघ तेवढीच राहते. नोंदी घेणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, चित्र काढणाऱ्याला पडतो.

पेनाची परीक्षा मराठी माणसाने शिरोरेघेने घ्यावी. आधी ‘महाराष्ट्र’ हा शब्द शिरोरेघेशिवाय लिहा, मग त्यावर एका झटक्यात रेघ ओढा. दोन गोष्टी दिसतील. रेघ पेनाच्या टोकाबरोबर धावते की मागून येते, ही पहिली. सेकंदाला ६० वेळा ताजा होणारा पडदा नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी दाखवतो, १२० वेळा होणारा त्याच्या निम्म्या वेळात. झरझर लिहिणाऱ्याला हा उशीर हाताला कळतो. दुसरी गोष्ट म्हणजे रेघ अक्षरांच्या डोक्यावर बसते की किंचित वर तरंगते. काही स्वस्त टॅबमध्ये, आणि ॲपलच्या साध्या आयपॅडमध्येही, वरची काच आणि खालचा पडदा यांच्यात हवेची बारीक फट असते. पेनाचं टोक काचेवर, शाई मात्र फटीच्या खाली, त्यामुळे तिरक्या नजरेला दोन्ही जुळत नाहीत. काच आणि पडदा एकमेकांना चिकटवलेले असतील तर हा दोष राहत नाही. रोमन लिपीत सुटी सुटी अक्षरं लिहिणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही. आपण शब्द पुरा करून परत मागे येतो, त्यामुळे आपल्याला लगेच दिसतं.

टाइप करायचं असेल तर कीबोर्ड जोडून काही ठरावीक शब्द टंकून पाहावेत: वाऱ्यावर, दऱ्या, ॲप, ऑफिस, ज्ञानेश्वर, वाङ्मय, पोळी. ‘वाऱ्या’तला अर्धा र इथे नीट आला आणि ‘वार्‍या’चा ‘वार्या’ झाला नाही, ‘ॲ’ ऐवजी ‘अॅ’ अशी जोडगोळी झाली नाही, तर बरंच काही जमलं. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, तरी काही फॉन्ट आणि कीबोर्ड अजून त्याला अडखळतात. आणखी एक अडचण बहुतेकांना घरी गेल्यावर कळते. काचेवरच्या कीबोर्डवर रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची सवय असेल, तर बाहेरचा कीबोर्ड जोडल्यावर अनेकदा ती सोय मिळत नाही, फक्त इनस्क्रिप्टसारखी ठरलेली मांडणी मिळते. इनस्क्रिप्ट शिकायला चार-सहा आठवडे लागतात आणि शिकणं फायद्याचंच आहे, पण ते शिकायची तयारी नसेल तर कीबोर्डचं कव्हर घेऊन पैसे अडकवू नयेत. गूगलच्या जीबोर्डवर मराठी हस्ताक्षर ओळखण्याची सोय आहे. पेनवाल्या टॅबवर तीही वापरून पाहावी, कित्येकांना तीच सोयीची पडते.

कॅमेऱ्याबद्दल एकच गोष्ट पाहायची. टॅब आडवा उभा केल्यावर समोरचा कॅमेरा लांब बाजूच्या मधोमध येतो का? तो आखूड बाजूला असेल तर बैठकीत आपण सतत कुशीकडे बघत असल्यासारखे दिसतो. अमेरिकेतल्या नातवाशी बोलणाऱ्या आजीची नजरसुद्धा त्यामुळे चुकते. ॲपलने साध्या आयपॅडचा कॅमेरा २०२२ मध्ये लांब बाजूला नेला, आता इतरही बहुतेक कंपन्या तसंच करतात. रॅम कामासाठी आठ जीबी असावी. खोक्यावर ‘वाढीव’ किंवा ‘व्हर्च्युअल’ रॅम लिहिलेली असेल तर ती साठवणुकीतलीच उसनी जागा असते, तिला हिशेबात धरू नये. साठवण १२८ जीबीच्या खाली नको.

आपल्याकडे टॅब बहुधा सगळ्या घराचा असतो. अँड्रॉइडमध्ये एकाच टॅबवर दोघा-तिघांची वेगवेगळी खाती ठेवता येतात. वडिलांच्या फाइली वडिलांच्या खात्यात, मुलीचे खेळ तिच्या खात्यात. घरगुती आयपॅडवर अशी सोय नाही. अशिलांची कागदपत्रं ठेवणारा वकील आणि त्याच्या दुसरीतल्या मुलाचं गोष्टींचं ॲप एकाच टॅबवर राहणार असेल, तर हा एकच मुद्दा निर्णय फिरवायला पुरेसा आहे.

प्रवासाकडे वळू. फक्त वाय-फाय असलेला टॅब घ्यायचा की सिम घालता येईल असा, हा पहिला प्रश्न. मोबाइलचा हॉटस्पॉट असताना सिमची गरज काय, असं पुष्कळ जण म्हणतात, आणि इंटरनेटपुरतं ते बरोबरही आहे. पण एक फरक दुकानात कुणी सांगत नाही. फक्त वाय-फाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतं. ते सिमच्या आयपॅडमध्येच येतं. अँड्रॉइडच्या वाय-फाय टॅबमध्ये ते बहुधा असतं, पण सगळ्यांत नसतं. गाडीत नकाशा पाहायचा असेल, शेताची हद्द मोजायची असेल, सह्याद्रीतल्या एखाद्या किल्ल्याची वाट उतरवून घेतलेल्या नकाशावर शोधायची असेल, तर तपशिलाच्या यादीत जीपीएस हा शब्द स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

कोकण रेल्वेने जाणाऱ्याला नेटवर्कवर विसंबून चालत नाही. रत्नागिरीजवळचा करबुडेचा बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि बोगदा संपला की दरी, दरी संपली की पुन्हा बोगदा. पाहायचं-वाचायचं सगळं घरून उतरवून घ्यावं लागतं. उतरवलेल्या चित्रपटांना मुदत असते, काहींना तर पाहायला सुरुवात केल्यापासून ४८ तासांचीच. निघण्याच्या आदल्या रात्री घरच्या वाय-फायवर प्रत्येक ॲप एकदा उघडून, उतरवलेलं खरंच सुरू होतं का ते पाहावं.

चार्जिंगचं गणित सोपं आहे, तरी ते कुणी करत नाही. मध्यम टॅबची बॅटरी साधारण ३० वॉट-तासांची असते. साध्या यूएसबी पॉइंटमधून पाच वॉट मिळत असतील तर ती भरायला सहा-सात तास लागणार, आणि मधे सिनेमा पाहत असाल तर ती भरतच नाही, फक्त संपण्याचा वेग कमी होतो. म्हणून टॅब किमान २५ वॉट घेऊ शकेल असा असावा आणि तेवढा देणारा ॲडाप्टर बरोबर असावा. ॲडाप्टरच्या पोटावर बारीक अक्षरांत ‘इनपुट १००–२४०’ व्होल्ट छापलेलं आहे का तेही वाचावं. आपल्या रेल्वेच्या डब्यांतला पॉइंट ११० व्होल्टचा असतो. चांगले ॲडाप्टर तो चालवून घेतात, काही स्वस्त नकली चालवत नाहीत. रात्रीचं चार्जिंग तर गृहीतच धरू नये. गाडीतल्या आगीच्या घटनांनंतर पश्चिम रेल्वेने २०२१ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवायचं ठरवलं.

पॉवर बँक २०,००० एमएएचची असेल तर ती ७४ वॉट-तास भरते. विमानात परवानगीशिवाय चालणारी मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, म्हणून एवढी चालते, पण ती हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते, सामानात टाकता येत नाही. तिच्यावर टॅब जेमतेम दोनदा भरतो. थोडी शक्ती केबलमध्ये आणि रूपांतरात उष्णता होऊन जाते.

उष्णतेचा विषय निघाला आहे तर विदर्भातल्या वाचकांसाठी थोडं. ॲपल आपल्या आयपॅडसाठी वापराच्या जागेचं तापमान शून्य ते ३५ अंश सेल्सियस सांगते. चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. उन्हात टॅब आधी पडद्याचा उजेड कमी करतो, मग चार्जिंग थांबवतो, शेवटी थंड होईपर्यंत बंद पडतो. हे तो स्वतःला वाचवण्यासाठी करतो. बंद गाडीत काचेखाली ठेवलेल्या टॅबची बॅटरी मात्र त्या दिवसापुरती दमत नाही, कायमची झिजते. भर उन्हात साइटवर काम असेल तर पडद्याचा उजेड किमान ५०० निट्सचा हवा, गडद रंगाचं जाड कव्हर नको, आणि जेवायला जाताना टॅब गाडीत ठेवू नये.

वजनाचा विचार कीबोर्डसकट करावा. ११ इंची टॅब साधारण अर्ध्या किलोचा. त्याला ट्रॅकपॅडवालं जाड कीबोर्ड कव्हर लावलं की तो किलोच्या घरात जातो, आणि १३ इंची टॅब त्याच्या भारी कव्हरसकट हलक्या लॅपटॉपलाही मागे टाकतो. मागे टेकू लावून उभं राहणारं कव्हर टेबलावर झकास, पण एसटीच्या सीटवर मांडीवर ठेवलं की टेकू घसरतो. प्रवासात टाइप करायचं असेल तर दुकानात खुर्चीत बसून, टॅब मांडीवर घेऊन चार ओळी लिहून पाहाव्यात. विक्रेत्याला हे विचित्र वाटलं तरी वाटू द्यावं.

राहिलं मनोरंजन. इथे दोनच गोष्टी पाहायच्या. पहिली, टॅबला वाइडवाइनचा ‘एल-१’ दर्जा आहे का. वाइडवाइन ही गूगलची चित्रपट चोरीपासून वाचवणारी कुलूपव्यवस्था. टॅबच्या चिपमध्ये ती पक्की बसवलेली असेल तर एल-१, फक्त सॉफ्टवेअरमध्ये असेल तर एल-३. एल-३ वाल्या अँड्रॉइड टॅबवर नेटफ्लिक्स एचडी चित्र देतच नाही, पडदा कितीही भारी असो. पैसे भरूनही चित्र धुरकट का दिसतं, याचं उत्तर बहुधा इथे असतं. नेटफ्लिक्स ॲपच्या सेटिंग्जमध्ये हा दर्जा लिहिलेला सापडतो. दुसरी गोष्ट, आडवा धरल्यावर स्पीकर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना आहेत का.

पडद्याच्या प्रमाणाचा सिनेमाला फारसा फरक पडत नाही, हे गणित करून पाहता येतं. १६:९ चा चित्रपट ११ इंची लांबोडक्या टॅबवर २३७ मिलिमीटर रुंद दिसतो, साधारण तेवढ्याच इंचांच्या चौकोनी आयपॅडवर २२७. दहा मिलिमीटरचा फरक. उलट प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ लावला तर चौकोनी पडद्यावरच मोठा दिसतो, कारण त्या काळच्या चित्रपटांची चौकट चौकोनाच्या जवळची होती. जुने मराठी सिनेमे आवडीने पाहणाऱ्याला कामासाठी घेतलेला चौकोनी टॅब करमणुकीलाही कमी पडणार नाही.

स्वस्त टॅबबद्दल बोलताना ‘आकाश’ची आठवण टाळता येत नाही. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत त्या वेळचे मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी तो जाहीर केला. डेटाविंड कंपनीने बनवलेला, सात इंची, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजार रुपयांना पडत होता आणि विद्यार्थ्यांना त्याहूनही स्वस्त मिळणार होता. कल्पना थोर होती आणि आजही आहे. पण पडदा दाबाने चालणारा होता. बोट नुसतं टेकवून भागत नसे, दाबावं लागे. पुढच्या वर्षी आयआयटी मुंबईच्या देखरेखीखाली आकाश-२ आला तेव्हा पडदा स्पर्शाने चालणारा झाला आणि रॅम दुप्पट झाली. आज आठ-दहा हजारांतला टॅबही पहिल्या ‘आकाश’च्या कितीतरी पुढे आहे. गाणी, गोष्टी, यूट्यूबवरचे तास, स्पर्धा परीक्षेचे व्हिडिओ यांसाठी तो पुरतो आणि तेवढंच हवं असेल तर जास्त खर्च करू नये.

जिथे तो कमी पडतो ती गोष्ट घेताना दिसत नाही: त्याचं आयुष्य. टॅब मोबाइलपेक्षा जास्त वर्षं वापरला जातो, आणि त्याची उपयुक्तता सॉफ्टवेअर किती वर्षं नवं मिळतं यावर असते. २०१९ च्या साध्या आयपॅडला २०२४ ची नवी प्रणाली मिळाली, २०२५ ची मिळाली नाही. सॅमसंगने अलीकडच्या महागड्या मालिकांना सात वर्षांचं आश्वासन दिलं आहे. स्वस्त अँड्रॉइड टॅबला एखाद-दुसरं वर्ष मिळालं तरी पुष्कळ. प्रणाली जुनी झाली की आधी बँकेचं ॲप चालायचं थांबतं, मग बाकीची. पंधरा हजारांचा टॅब तीन वर्षांत मोडीत निघाला आणि तीस हजारांचा सात वर्षं चालला, तर स्वस्त कोणता ते उघड आहे.

बॅटरीचंही तसंच. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून मोबाइल आणि टॅबसाठी नियम लागू केले आहेत. बॅटरी ८०० वेळा पूर्ण भरून झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरली पाहिजे, आणि महत्त्वाचे सुटे भाग त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे इतकं बंधनकारक काही नाही. ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचं एक पोर्टल सुरू केलं, तिथे काही कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती मिळते. त्याहून उपयोगी म्हणजे खरेदीच्या आधी आपल्या जिल्ह्यातल्या अधिकृत सेवा केंद्राला केलेला एक फोन. या मॉडेलची बॅटरी बदलून मिळते का, किती पैसे लागतात, आणि इथेच होते की टॅब मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो, एवढंच विचारायचं. ‘बॅटरी वेगळी मिळत नाही’ असं उत्तर आलं, तर दुसरा टॅब बघावा.